गाडी गरम होता होता बंद पडते? जुन्या पेट्रोल गाडीसाठी तपासणीचा क्रम

सकाळी पहिल्या सेल्फला गाडी चालू होते. एक-दोन मिनिटं चांगली चालते. तापमानाचा काटा जरा हलायला लागला की आरपीएम डगमगतो, इंजिन गचके खातं आणि मान टाकतं. पुन्हा सेल्फ मारला की चालू, पुन्हा थोड्या वेळात बंद. काटा एकदा मध्यावर पोचला की मग दिवसभर तक्रार नाही. हे दुखणं माझ्या हाताखालून इतक्या वेळा गेलंय की आता बोनेट उघडण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: नक्की केव्हा बंद पडते? निम्मं निदान या उत्तरातच असतं.

आधी थोडं कारण समजून घ्या, पुढच्या तपासण्या सोप्या जातील. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) गार भिंतींना चिकटून राहतं. म्हणून कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक (हवेची वाट अडवणारी पट्टी) आणि इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर सुरुवातीला जादा पेट्रोल देतो, शिवाय आरपीएम चढा ठेवतो, साधारण १२०० ते १५००. इंजिन तापत जाईल तशी ही जादा मदत काढून घेतली जाते आणि आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता असलेला आरपीएम) ७५० ते ९०० वर उतरतं. बंद पडणारी गाडी या उतारावर कुठेतरी अडखळते. एकतर मदत फार लवकर काढली गेली, नाहीतर काढलीच गेली नाही, नाहीतर त्या मदतीखाली झाकलेला तिसराच दोष उघडा पडला. हा तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त दिसतो, आणि त्यातच लोक पेट्रोल पंपापासून कॉइलपर्यंत सगळं बदलून बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

लक्षणं

गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना सकाळी एकदा हातात कागद घेऊन बसा आणि खालीलपैकी काय होतं ते वेळेसकट लिहा.

चालू होऊन काही सेकंदांत बंद, पण ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला तर टिकते: थंडीतली जादा हवा किंवा जादा पेट्रोल मिळतच नाहीये.

दोन ते पाच मिनिटांनी जड होत, काळा धूर आणि पेट्रोलचा उग्र वास सोडत बंद: मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आहे, चोक उघडत नाही किंवा इंजिन अजून थंडच आहे असा कॉम्प्युटरचा समज झालाय.

त्याच वेळेला, पण धूर नाही, गचके आणि इनटेककडून खोकल्यासारखा फटका: मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे, कुठून तरी चोरून हवा शिरतेय.

ब्रेक दाबल्यावर, एसी लावल्यावर किंवा ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये टाकल्यावरच बंद: आयडल सांभाळणारी यंत्रणा किंवा ब्रेक बूस्टर (पेडलला जोर देणारी डबी).

काहीही इशारा न देता, कोणी चावी फिरवल्यासारखी बंद: विजेचा मामला. अशा वेळी गाडी घरंगळत असताना इंजिन अजून फिरत असूनही आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, तर संशय इग्निशनवर किंवा क्रँक सेन्सरवर (इंजिनाचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा).

पूर्ण तापल्यावर बंद पडते आणि गार होईपर्यंत चालूच होत नाही, हा आजार वेगळा. तिथे कॉइल, क्रँक सेन्सर, पंप अशी यादी लागते. ती तक्रार असेल तर इथला क्रम कामाचा नाही.

हे सगळं उघड्या जागेत करा. बंद जागेत चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वास नसतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. विजेचा फॅन स्वतःहून सुरू होतो, तेव्हा बाही, ओढणी, केस त्याच्यापासून लांब. आणि दोष सापडेपर्यंत गाडी वर्दळीत नेऊ नका: इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकला बूस्टरची साथ एक-दोन दाबांपुरतीच उरते.

फुकटच्या तपासण्या

पहिला प्रश्न: तक्रार सुरू होण्याआधी गाडीचं काय काम झालं होतं? एअर फिल्टर बदलताना एखादा पाईप निसटतो. बॅटरी काढली असेल तर बऱ्याच इंजेक्शन गाड्या शिकलेलं आयडल विसरतात आणि थोड्या चालवण्यानंतर ठिकाणावर येतात. अशा गाडीत लगेच पार्ट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

मग कूलंटची पातळी, गाडी पूर्ण गार असताना. ही तपासणी सगळे टाळतात. कूलंट कमी असलं की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत लटकतो आणि भलतंच तापमान सांगतो. नुसतं कूलंट भरून, हवा काढून बरी झालेली गाडी मी पाहिली आहे. मात्र कूलंट गेलं कुठे, हे शोधायचं राहतंच.

बॅटरीची टर्मिनलं हाताने हलवून बघा. एअर फिल्टर उजेडासमोर धरून बघा. टाकीत कित्येक महिन्यांचं शिळं पेट्रोल असेल तर त्याचा हलका, लवकर उडणारा भाग निघून गेलेला असतो आणि थंड इंजिनाला नेमका तोच लागतो. टाकीत ताजं भरून बघा.

व्हॅक्यूम गळती: इथे वेळ घालवा

माझ्या अनुभवात जुन्या गाडीत हेच जास्त निघतं. रबर कडक होतं, आकसतं, चिरतं. थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पुढे, जिथे इंजिनाच्या ओढीने व्हॅक्यूम असतो, कुठूनही न मोजलेली हवा शिरली की मिश्रण पातळ होतं. सुरुवातीला जादा पेट्रोल असतं, त्यामुळे हा दोष झाकला जातो. ते पेट्रोल कमी झालं की तो उघडा पडतो. आणि पूर्ण तापल्यावर गाडी का सुधारते? कारण धातू आणि रबर तापून फुगतात, फट बऱ्यापैकी मिटते. शिवाय गरम इंजिनात पेट्रोलची वाफ चांगली होत असल्याने थोडी जादा हवा ते पचवून घेतं. म्हणूनच ही गळती गरम इंजिनावर शोधून उपयोग नाही. गाडी थंड असतानाच शोधायची.

प्रत्येक पाईप नुसता बघू नका, बोटांनी वाकवा. टी-जोडाजवळचा पाईप वरून धडधाकट, काळाभोर दिसतो. दोन बोटांनी दुमडला की खालच्या बाजूला नखाएवढी चीर तोंड उघडते आणि सोडला की पुन्हा मिटते. बघणाऱ्याला ती जन्मात दिसत नाही. पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातले वायू परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाईप तेलकट असतो, तो फुगून मऊ पडतो आणि आतल्या ओढीने चपटा होतो. ऑइल भरायच्या टोपणाची आणि डिपस्टिकची रबरी रिंगही बघा; पीसीव्ही असलेल्या अनेक गाड्यांत तिथूनही हवा खेचली जाते.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर गाडी चालू करा आणि साध्या पाण्याची फवारणी करा: मॅनिफोल्डचा जोड, कार्ब्युरेटरचं बूड, पाइपांची टोकं, एकावेळी एकच जागा. पाणी फटीवर बसलं की क्षणभर गळती बुजते आणि आरपीएमचा आवाज बदलतो. कार्ब क्लीनर फवारूनही हेच कळतं, आणि पुष्कळजण तेच करतात, पण तापलेल्या एग्झॉस्टजवळ तो भडकतो. मी पाणीच वापरतो. प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा) मात्र कोरडे ठेवा.

ब्रेक बूस्टर हीसुद्धा एक मोठी व्हॅक्यूमची पिशवीच आहे. इंजिन बंद ठेवून पेडल टणक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. मग आयडलवर ब्रेक दाबून धरा: हिस्स असा आवाज आला आणि आरपीएम पडला तर बूस्टरचा पडदा फाटलाय. असं असेल तर पुढची तपासणी बंद. प्रश्न ब्रेकचा आहे, गाडी थेट जाणकाराकडे.

प्लग आणि ठिणगी

प्लग काढणं स्वस्त आहे आणि ते बोलके असतात. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच, पांढुरकं टोक म्हणजे लीन, एकाच सिलिंडरचा प्लग वेगळा दिसला तर दोष त्याच सिलिंडरजवळ. अंधारात बोनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींकडे लांबूनच बघा. निळसर ठिणग्या उडताना दिसल्या तर वायरी संपल्या. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात आतून दव किंवा केसासारखी काळी रेघ आहे का तेही बघा. दमट सकाळी ओल धरून बसलेलं टोपण इंजिनाच्या उष्णतेने सुकतं आणि गाडी आपोआप बरी होते. लक्षण अगदी चोकच्या दोषासारखं, दुखणं भलतंच.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर

एअर फिल्टरचं झाकण काढून चोकची पट्टी बघा. ऑटोमॅटिक चोक असेल तर थंड इंजिनात, ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडल्यावर, पट्टी जवळजवळ बंद झाली पाहिजे. इंजिन चालू होताच ती थोडी, काही मिलिमीटर, उघडली पाहिजे. हे काम व्हॅक्यूमच्या छोट्या डबीचं. डबीचा पडदा फाटला असेल तर पट्टी बंदच राहते आणि इंजिन जादा पेट्रोलने गुदमरतं. मग काही मिनिटांत पट्टी सावकाश उभी व्हायला हवी. विजेवरच्या चोकला इंजिन चालू असताना करंट येतो का ते टेस्ट लॅम्पने बघा. पाण्यावरचा चोक असेल तर त्याचा पाईप गरम होतो का ते हाताला कळतं. पट्टी चिकटत असेल तर तिचा दांडा साफ करा. तिथे तेल घालू नका, धूळ बसून आणखी चिकटते.

हाताने ओढायचा चोक असेल तर केबल सैल होऊन बटण आपोआप आत सरकतं का ते बघा. बऱ्याचदा दोष चालवणाऱ्याच्या घाईचाही असतो: इंजिन तयार होण्याआधीच चोक आत ढकलला जातो.

चोक आत गेला रे गेला की इंजिन बंद, हे वेगळं. तो इशारा आयडलच्या जेटचा, म्हणजे आयडलचं पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचा. त्याचं भोक केसाएवढं असतं, कचऱ्याचा एक कण पुरतो. जेट काढा, क्लीनर मारा, फुंकून साफ करा. भोकात तार घालू नका, माप बिघडतं. काही कार्ब्युरेटरना आयडलचा विजेचा व्हॉल्व्ह असतो: चावी ऑन केली की त्याची टिक ऐकू आली पाहिजे. टिक नाही आली तर आधी वायर बघा.

आणि एक विसरली गेलेली गोष्ट: एग्झॉस्टजवळून एअर फिल्टरकडे गरम हवा आणणारा जाड पाईप. फाटला की लोक काढून टाकतात, कारण त्याच्याशिवायही गाडी चालते. पण पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटरचा गळा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. हवा दमट आणि तापमान साधारण ० ते १५ अंश सेल्सिअस असेल तर आत चक्क बर्फ धरतो आणि हवेची वाट अडते. गाडी निघून थोडं अंतर जाते, दम कोंडल्यासारखी होते, बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबलात की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि गाडी काहीच झालं नाही अशी चालू होते. मेकॅनिक येईपर्यंत पुरावा शिल्लक नसतो. थंड, दमट दिवसांतच तक्रार येत असेल तर तो पाईप परत बसवा.

मिक्स्चर स्क्रूला (हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणाऱ्या) हात लावायचा तर सगळ्यात शेवटी. आधी तो हळूच आत फिरवून किती फेऱ्यांनी टेकतो ते मोजा, लिहा, तितकाच परत उघडा. गळती न शोधता स्क्रू फिरवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

इंजेक्शनची गाडी असेल तर

थ्रॉटल बॉडी उघडून पट्टीच्या कडेला बघा. काळ्या चिकट कार्बनचं कडं असेल तर आयडलची हवा तिथेच अडतेय. शेजारचा आयडल व्हॉल्व्हही काढून साफ करा. इंजिन तापत असताना किती हवा सोडायची हे तोच ठरवतो. तो अडकला की आरपीएम नको तितका खाली घसरतो. केबलऐवजी विजेवर चालणारी थ्रॉटल पट्टी बोटाने ढकलू नका, आतले गिअर मोडतात. अशा गाडीत साफसफाईनंतर आयडल पुन्हा शिकवावं लागू शकतं.

फार जुन्या इंजेक्शन गाड्यांत त्याऐवजी तापमानावर मिटणारा हवेचा वेगळा व्हॉल्व्ह असतो. त्याचा पाईप चिमटून बघा: इंजिन थंड असताना आरपीएम चांगलाच पडला पाहिजे, गरम असताना जवळजवळ फरक पडता कामा नये.

आता कूलंटच्या तापमानाचा सेन्सर. डॅशबोर्डचा काटा बरोबर दाखवतो म्हणून तो चांगला असं समजू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा आणि कॉम्प्युटरचा सेन्सर वेगवेगळा असतो. मल्टिमीटरने रोध मोजा. सर्वसाधारण सेन्सर २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम दाखवतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. नेमके आकडे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधले धरा. इंजिन तापताना रोध सावकाश उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर किंवा त्याचा गंजलेला प्लग दोषी. स्कॅनर असेल तर आणखी सोपं: रात्रभर उभ्या गाडीत, चालू न करता, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखी असायला हवीत. एक वीस अंशांनी वेगळं असेल तर कोण खोटं बोलतंय ते थर्मामीटरने ठरवा.

थर्मोस्टॅटची परीक्षा हाताने होते. रेडिएटरचा वरचा पाईप बराच वेळ गार राहून मग एकदम तापला पाहिजे, बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतात. तो पहिल्यापासूनच कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन तापतच नाही आणि जादा पेट्रोल थांबत नाही.

स्कॅनर लावायची वेळ

ओबीडी (दोषांचे कोड साठवणारी गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा) असलेल्या गाडीत कोड वाचणं स्वस्त आहे, पण कोडला निकाल समजू नका. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे एवढंच. लोक ते वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलतात, गळती तिथेच राहते. पी०११७ आणि पी०११८ कूलंट सेन्सरच्या सर्किटचे, पी०१२८ बहुधा थर्मोस्टॅटचा, पी०५०५ आयडलच्या यंत्रणेचा. कोड नसेल तर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. आयडलला ट्रिम अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य, तर व्हॅक्यूम गळती पक्की. दोन्हीकडे अधिक असेल तर पेट्रोलचा पुरवठा किंवा हवा मोजणारा सेन्सर.

ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्यावरच कामाला लागतो. त्याआधी कॉम्प्युटर ठरीव हिशोबाने चालतो, मग सेन्सरचं ऐकायला लागतो. गाडी नेमकी त्या बदलाच्या क्षणी डगमगत असेल तर सेन्सर काय सांगतोय ते बघण्यासारखं आहे. ईजीआर व्हॉल्व्हही (थोडा एग्झॉस्ट वायू परत इंजिनात सोडणारा) थंड इंजिनात बंद असतो. तापल्यावर पहिल्यांदा उघडला आणि कार्बनमुळे मिटला नाही तर आयडलला इंजिन बंद पडणारच.

इथे थांबा

पेट्रोलचा पाईप ओला दिसला किंवा गळतीचा वास आला तर सेल्फही मारू नका. इंजेक्शनच्या लाइनमध्ये इंजिन बंद असतानाही दाब असतो; प्रेशर गेज नसेल तर ती लाइन उघडू नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायरने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. बाहेर गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि पांढरा धूर थांबत नाही, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं. काळ्या धुराची गाडी बरेच दिवस चालवली असेल तर डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय, ते बदलल्याशिवाय चालवू नका. वरचं सगळं तपासून काही निघालं नाही, तर उरतात पेट्रोलचा दाब, कॉम्प्रेशन, टॅपेटचं अंतर आणि वायरिंग. ही कामं ज्याच्याकडे हत्यारं आहेत त्यालाच करू द्या.

मेकॅनिककडे जाताना तुमचा तो कागद द्या: किती मिनिटांनी, काटा कुठे असताना, धूर कसला, ॲक्सिलरेटरने टिकते का, काय तपासून झालं. आणि गाडी सकाळी चालवत नेऊ नका. तिथे पोचेपर्यंत ती तापलेली असते आणि "काही दोष नाही" असं सांगून परत मिळते. आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारायला सांगा. दुरुस्तीनंतरची चाचणीही अशीच, रात्रभर गार झालेल्या इंजिनावर.